कॅमेरा कोणाच्या हातात आहे?

१९९९च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांमध्ये एक वेगळीच तक्रार ऐकू येऊ लागली. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा ८१ मिनिटांचा भयपट पाहताना काही प्रेक्षक मध्येच उठून बाहेर पळत होते. कोणाला दरदरून घाम, कोणाला मळमळ, कोणाला चक्क उलटी. पडद्यावर म्हणाल तर फारसे काही घडत नव्हते. तीन तरुण जंगलात वाट चुकतात, एकमेकांवर चिडतात, रात्री तंबूबाहेर कसले तरी आवाज येतात. जिच्या नावाने चित्रपट निघाला ती चेटकीण शेवटपर्यंत एकदाही दिसत नाही.

दुसरी गोष्ट आणखी नवलाची. चित्रपटातले ते तिघे खरोखरच मरण पावले आहेत, असे अनेकांना वाटले. प्रमुख भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रे पाठवली. मुलगी धडधाकट होती.

एकाच चित्रपटाने पोट ढवळून काढले आणि बुद्धीलाही चकवले. या दोन्ही गोष्टींचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते, म्हणून सिनेमाचा विषय आज आरोग्याच्या सदरात घेतला आहे. आणखीही एक कारण आहे. तशाच हलत्या, अंधुक फिती आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर येऊन पडतात आणि त्यांच्यावर ‘हा चित्रपट आहे’ अशी पाटी नसते.

थोड्या पैशांत मोठी भीती

या प्रकारच्या चित्रपटांना ‘फाउंड फूटेज’ म्हणतात, म्हणजे ‘सापडलेले चित्रण’. कल्पना साधी आहे. काही माणसे काहीतरी चित्रित करत होती, ती नाहीशी झाली, मागे कॅमेरा राहिला आणि त्यातले चित्रण आता तुम्ही पाहत आहात. ‘ब्लेअर विच’च्या सुरुवातीलाच आपल्याला सांगितले जाते, की ऑक्टोबर १९९४मध्ये मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात तीन विद्यार्थी माहितीपट करताना बेपत्ता झाले आणि वर्षभराने त्यांचे चित्रण हाती लागले.

प्रत्यक्षात डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन दिग्दर्शकांनी ऑक्टोबर १९९७मध्ये साधारण आठ दिवसांत हे चित्रीकरण केले. कॅमेरे कलाकारांच्याच हातात दिले होते. पुढे कुठे जायचे ते जीपीएसवरून कळायचे, दिवसाच्या सूचना चिठ्ठ्यांवर मिळायच्या आणि रात्री दिग्दर्शकांची माणसे तंबूभोवती आवाज करायची. रोजचे खाणे मुद्दाम कमी कमी केले जात होते. त्यामुळे पडद्यावरचा थकवा आणि चिडचिड बरीचशी खरी होती. सुरुवातीचा निर्मितीखर्च एक लाख डॉलरच्याही आतला आणि जगभरातली कमाई जवळपास २५ कोटी डॉलर.

पुढे २००७मध्ये ओरेन पेली यांचा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ आला. त्यांनी तो सॅन डिएगोमधल्या स्वतःच्या घरात, आठवडाभरात आणि सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. त्या वेळच्या दराने हे सहा-सात लाख रुपये होतात. आपल्याकडे मध्यम लग्नाचा मांडव आणि जेवणावळ एवढ्यात उरकत नाही. या चित्रपटात बराच वेळ दिसते ती फक्त एक झोपण्याची खोली. कोपऱ्यात स्टँडवर कॅमेरा, निळसर अंधुक चित्र, खाली धावणारे घड्याळ. बऱ्याच वेळाने दार किंचित हलते, एवढेच. त्याने १९ कोटी डॉलरहून अधिक कमावले. हिंदीत २०११चा ‘रागिनी एमएमएस’ याच वाटेने गेला. २०२०मध्ये ब्रिटनमध्ये टाळेबंदी असताना रॉब सॅव्हेज यांनी ‘होस्ट’ हा चित्रपट कलाकारांच्या घरीच, झूमच्या खिडक्यांत चित्रित केला.

पैसे नसल्यामुळे इथे राक्षस दाखवता येत नाही, पार्श्वसंगीताचा ताफा नसतो, ओळखीचे नट नसतात. मेंदूला घाबरवण्यासाठी मात्र ही गरिबी फार सोयीची ठरते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

अर्धवट दिसण्याचा त्रास

अंधुक चित्रात ओळखीचा आकार शोधणे ही आपल्या मेंदूची जुनी खोड आहे. ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या ओल्या डागात चेहरा दिसतो, रात्री खुंटीवरचा सदरा माणसासारखा वाटतो. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी ही खोड फायद्याची होती. झुडपाला वाघ समजून पळाले तर फक्त धाप लागायची, पण वाघाला झुडूप समजले तर पुढची पिढीच नसायची. त्यामुळे शंका आली की आपला मेंदू धोक्याच्या बाजूने कौल देतो. पडद्यावरचा अंधार जितका मोकळा, तितके भूत प्रेक्षक स्वतःच रंगवतो. आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते हे कोणत्याही दिग्दर्शकापेक्षा आपल्या मेंदूला जास्त चांगले ठाऊक असते.

याला प्रयोगाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे आणि साप निघाला तर हाताला विजेचा दुखरा झटका बसायचा. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळात सतत बदलत राहायचे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला गेला. सर्वांत जास्त ताण केव्हा होता? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे. झटका बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा.

हे वाचले तेव्हा मला आमची ओपीडी आठवली. गाठीचा तुकडा तपासायला दिलेला रुग्ण रिपोर्ट येईपर्यंत जेवत नाही, झोपत नाही. रिपोर्ट वाईट आला तरी अनेकदा तो म्हणतो, ‘चला, एकदाचं कळलं तरी.’ रहस्यमय भयपट आपल्याला दीड तास त्या रिपोर्टच्या रांगेत बसवतो, आणि ‘ब्लेअर विच’सारखा चित्रपट शेवटी रिपोर्ट देतच नाही.

खुर्चीत बसून गाडी लागते

आता उलट्यांकडे वळू. कोकणातल्या घाटात एसटीत पुस्तक वाचायचा प्रयत्न केला असेल त्यांना ‘गाडी लागणे’ वेगळे सांगायला नको. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोके किती, कुठे आणि किती वेगाने हलले याची खबर त्या मेंदूला देतात. डोळे आणि पायांचे स्नायू आपापली खबर देतात. सगळ्या खबरा जुळल्या की तोल राहतो. घाटात वाचताना कान म्हणतो ‘आपण वळतोय’, पुस्तकावरचे डोळे म्हणतात ‘सगळे स्थिर आहे’. मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते.

हातातल्या कॅमेऱ्याचा चित्रपट पाहताना याच्या उलट होते. कॅमेरा धावतो, गचके खातो, जमिनीवर आपटतो. डोळे म्हणतात ‘आपण पळतोय’, कान म्हणतो ‘तू तर खुर्चीत बसला आहेस’. पडदा जितका मोठा आणि आसन जितके पुढे, तितके डोळ्यांचे पारडे जड. २००८चा ‘क्लोव्हरफिल्ड’ हा चित्रपट स्वस्तातला नव्हता, पण सगळा हातातल्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखा होता. तो लागला तेव्हा अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांनी तिकीट खिडकीजवळ मळमळीचा इशारा देणारे फलकच लावले होते.

ज्यांना प्रवासात गाडी लागते, ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांना आणि शाळकरी मुलांना हा त्रास जास्त होतो. उपायही प्रवासातलेच. मागच्या रांगेत बसावे. मळमळ सुरू झाली की पडद्यावरून नजर काढून बाहेर जाण्याच्या दारावरच्या दिव्यासारख्या स्थिर वस्तूकडे पाहावे. घरी पाहताना खोलीत दिवा चालू ठेवावा आणि मध्ये थांबावे. प्रवासातल्या उलटीच्या गोळ्या सिनेमासाठी मनाने घेऊ नयेत. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि खेळ सुटल्यावर दुचाकी चालवायची असते.

मेंदूतला बदाम

दोन्ही कानांच्या थोडे वर, मेंदूच्या आत, बदामाएवढे दोन पुंजके असतात. त्यांना अमिग्डाला म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, त्या सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत. ‘हा आवाज कसला’ असा विचार करणारा मेंदूचा वरचा थर तोवर जागा व्हायचा असतो. धोक्याची खबर बदामाला आधी मिळते, विचाराला नंतर. बदाम घंटा वाजवतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटते, छाती धडधडते, तळवे ओले होतात, तोंड कोरडे पडते.

हा बदाम नसला तर काय होते, याचे एक उदाहरण वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०११मध्ये एका महिलेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शोधनिबंधांत तिचा उल्लेख फक्त ‘एसएम’ असा होतो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे तिच्या मेंदूतले दोन्ही बदाम नष्ट झाले होते. तिला साप आणि कोळी दाखवले, ‘भुताटकी’च्या इमारतीत नेले आणि भयपटांतले तुकडे दाखवले. त्यांत ‘ब्लेअर विच’ही होता. तिला भीती वाटली नाही. एक तुकडा तर इतका रंजक वाटला, की तिने चित्रपटाचे नाव विचारून घेतले. तुम्हाला तिचा हेवा वाटेल, पण धोका ओळखता न आल्यामुळे आयुष्यात ती वारंवार जिवावरच्या प्रसंगांत सापडली होती. भीती हा आजार नसून पहारेकरी आहे, हे तिच्याकडे पाहून कळते.

मग हा पहारेकरी ओरडत असताना आपण पॉपकॉर्न खात बसून कसे राहतो? कारण कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला सांगत असतो, ‘शांत हो, हा सिनेमा आहे.’ गाणी, ओळखीचे नट, देखणी प्रकाशयोजना ही या ‘सिनेमा आहे’च्या खुणा असतात. फाउंड फूटेजवाले नेमक्या याच खुणा पुसतात. चित्र खराब, आवाज फाटलेला, चेहरे अनोळखी, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. म्हणजे घंटा तशीच वाजते, फक्त ब्रेक ढिला केलेला असतो.

रक्त खरेच गोठते का?

‘रक्त गोठवणारा चित्रपट’ असे आपण सहज म्हणतो. नेदरलँड्समधल्या लायडन येथील डॉक्टरांनी हे शब्दशः तपासायचे ठरवले. त्यांनी २४ निरोगी तरुण स्वयंसेवकांना वेगवेगळ्या दिवशी ‘इन्सिडियस’ हा भयपट आणि शॅम्पेनवरचा एक माहितीपट दाखवला आणि आधी-नंतर रक्त तपासले. २०१५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात निष्कर्ष आले. रक्त गोठण्याच्या साखळीतला ‘फॅक्टर आठ’ हा घटक भयपटानंतर ५७ टक्के जणांमध्ये वाढला होता, तर माहितीपटानंतर फक्त १४ टक्क्यांमध्ये. प्रत्यक्षात गुठळी तयार होण्याची खूण मात्र कुणातही दिसली नाही. शरीर जखमेची तयारी करून बसले होते आणि जखम झालीच नाही.

निरोगी माणसाला यात काळजीचे कारण नाही. ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरते, कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक तासभर तरी रेंगाळते. म्हणून रात्री उशिरा भयपट पाहिला की डोळा लागत नाही. लागलाच तर झोप तुटक होते, आणि अशा झोपेत काही जणांना एक अनुभव येतो. जाग आलेली असते, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटते. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल करून ठेवलेले असतात. ते परत ताब्यात येण्याआधी जाग आली की असे होते. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. तो काही सेकंदांत ते एक-दोन मिनिटांत जातो आणि नेहमीच्या पक्षाघाताशी त्याचा संबंध नसतो. आदल्या रात्री ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ पाहिलेल्याला हे समजावणे कठीण जाते, एवढेच.

भयपट पाहण्याचा फायदाही असू शकतो. कोव्हिडच्या काळात झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचे सांगितले. भयपटांनीच ते कणखर झाले की कणखर माणसेच भयपट पाहतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण सुरक्षित जागी, स्वतःच्या मर्जीने भीतीची सवय करून घेणे ही कल्पना वैद्यकशास्त्राला परकी नाही.

यातले ‘स्वतःच्या मर्जीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

पाटी काढून घेतली तेव्हा

इटलीत १९८०मध्ये रुग्गेरो देओदातो यांचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ आला. जंगलात गेलेल्या पथकाची सापडलेली रिळे, अशीच त्याची मांडणी होती. कलाकारांना खरोखर मारले असा संशय इतका वाढला, की दिग्दर्शकाला ते जिवंत असल्याचे दाखवून द्यावे लागले. माणसांचे मरण खोटे होते. त्यातले प्राण्यांचे मरण मात्र खरे होते आणि त्यावर आजही टीका होते.

डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण बीबीसीचे. ३१ ऑक्टोबर १९९२च्या रात्री तिथे ‘घोस्टवॉच’ दाखवले गेले. आधीच चित्रित केलेले ते नाटक होते, पण रूप होते थेट प्रक्षेपणाचे. मायकेल पार्किन्सन हे घराघरात ओळखीचे सूत्रसंचालक स्वतःच्याच नावाने स्टुडिओत बसले होते, आणि एका साध्या घरातून भुताटकीचे ‘थेट’ चित्रण येत होते. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षक एरवी विश्वास ठेवत, तोच चेहरा इथे साक्षीला होता. नंतर तक्रारींचा पाऊस पडला आणि बीबीसीने ते पुन्हा कधीच दाखवले नाही. १९९४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांची हकिगत नोंदवली. हा कार्यक्रम पाहिल्यानंतर त्या मुलांमध्ये आघातोत्तर ताणाची लक्षणे दिसली होती. अपघातातून किंवा युद्धातून वाचलेल्यांमध्ये दिसणारी ही लक्षणे. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम त्यांना कारण ठरू शकतो, हे तोवर नोंदले गेले नव्हते.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना खरे आणि रचलेले यातला फरक पक्का करता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला तो करता येतो, पण पाटी वाचायला मिळाली तर.

दाराला बांधलेला दोरा

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एका आजी एकदा दहा वर्षांच्या नातवाला सोबत घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टर, महिना झाला, पोरगं रात्री लघवीला एकटं जात न्हाई. आता अंथरूण ओलं करतंय. बाहेरचं काय लागलं असंल तर सांगा, गावाकडं दाखवून आणते.’

‘आजी, आधी इथं दाखवू, मग बघू,’ मी म्हटले. लघवीची आणि साखरेची तपासणी केली. सगळे ठीक होते. मुलाला बाजूला घेऊन विचारले तेव्हा त्याने मोबाइलवर पाहिलेली एक फीत सांगितली. रिकाम्या रुग्णालयाच्या बोळात चाकाची खुर्ची आपोआप चालते. मी म्हटले, ‘अरे, ते कोणीतरी बनवलेलं असतं.’ तो ठामपणे म्हणाला, ‘न्हाई सर, सीसीटीव्हीचं हाय. वर तारीख-टाइम पण हाय.’

त्या वयाच्या मुलाने तारीख-वेळेचा पुरावा द्यावा, यात या चित्रपटांचे सारे तंत्र आले. आमच्या मानसोपचार विभागातल्या सहकारी बाईंनी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या मामाचा मोबाइल घेतला, खुर्चीला तंगूस बांधला आणि दुसरे टोक त्याच्याच हातात दिले. चित्र मुद्दाम अंधुक केले, कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकली. खुर्ची सरकली. मुलाने ती फीत पहिल्यांदा आजीला दाखवली. आजी किंचाळल्या आणि तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. पुढच्या काही आठवड्यांत अंथरूण कोरडे राहू लागले. गावाकडच्या मांत्रिकाकडे जायची वेळ आली नाही.

इथे औषध एकच होते. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, हे त्या मुलाला दिसले.

शेवट कापलेली फीत

हा प्रश्न फक्त मुलांचा असता तर मी इतके लिहिले नसते. पाकिस्तानात कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी एक जनजागृतीची फीत बनवली होती. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरचे दोघे उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश असलेला फलक दाखवतात. वरून टिपलेले साधे, सीसीटीव्हीसारखे चित्र. कोणीतरी तिचा शेवट कापला. मूल परत आल्याचा भाग गेला, फलक गेला आणि अपहरण तेवढे उरले. २०१८मध्ये ही फीत भारतभर ‘आपल्या भागात मुले पळवणारी टोळी’ म्हणून फिरली. अशा इतरही फिती आणि छायाचित्रे तेव्हा फिरत होती.

अफवांच्या त्याच लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, रैनपाडा गावात, जमावाने पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून आलेले ते लोक होते. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

शेवट कापलेली फीत म्हणजे पाटी काढलेला फाउंड फूटेजच. तिची रचना तीच. चित्र खराब, म्हणून खरे वाटते. माणसे अनोळखी, म्हणून आपल्या गावचीही असू शकतात. धोका अर्धवट, म्हणून मेंदू उरलेला स्वतः भरतो. बदाम घंटा वाजवतो आणि अंगठा ‘फॉरवर्ड’वर जातो. चित्रपटगृहात दिवे लागले की घंटा थांबते. मोबाइलवर दिवे लावायचे काम आपल्यालाच करावे लागते.

पाहणाऱ्यांसाठी

भयपट पाहू नका, असे मी सांगणार नाही. कुठल्या घरात कोण आहे, त्यावर थोडे तारतम्य ठेवावे.

आठ वर्षांखालच्या मुलांना असे चित्रपट आणि ‘खऱ्या भुता’च्या फिती दाखवू नयेत. मोठे पाहत असतील तर ‘तो झोपलाय’ यावर विसंबू नये. अंधारात डोळे मिटून ऐकणाऱ्याला आवाज जास्त मोठे वाटतात.

मोठ्या मुलाला भीती वाटली तर त्याची चेष्टा करू नये. चित्रपट कसा बनवला हे सांगावे, जमले तर तशी एक फीत त्याच्याकडूनच करून घ्यावी.

हृदयाच्या ठोक्यांचा आजार असलेल्यांनी, विशेषतः अचानक आवाजाने ज्यांची शुद्ध हरपली आहे अशांनी, आधी डॉक्टरांशी बोलावे. लखलखत्या प्रकाशाने ज्यांना फिट येते त्यांनी टॉर्चच्या उघडझापीचे प्रसंग टाळावेत. चित्रपट पाहताना छातीत दुखले आणि ते थांबले नाही, तर ‘घाबरलो असेन’ म्हणून घरी बसू नये. रुग्णालय गाठावे.

झोप न येणे, एकटे राहायची भीती, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे हे महिन्याहून अधिक टिकले किंवा शाळा-काम बुडू लागले, तर ते उपचाराने बरे होणारे दुखणे आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि पुढच्या वेळी मोबाइलवर एखादी अंगावर काटा आणणारी फीत आली, की काटा येऊ द्यावा. तो आपल्या हातात नाही. नंतर मात्र तीन प्रश्न विचारावेत. हे टिपताना कॅमेरा कोणाच्या हातात होता? समोर एवढे घडत असताना तो का थांबला नाही? आणि ही फीत जिथे संपते, तिथे ती कोणी कापली? उत्तरे मिळेपर्यंत ती आपल्याकडेच राहू द्यावी.